पान राहिलं

माझ्या शुद्धलेखनाबद्दल आणि खराब अक्षराबद्दल आधीच माफी मागून ठेवते. मी चौथीपर्यंतच शिकले. पाचवीची शाळा दोन कोसांवर होती, तेवढं पोरीला कोण पाठवणार. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे, ते मला अजूनही अंदाजानं लिहावं लागतं, आणि माझी अक्षरं रेघ सोडून वर चढत जातात. ही मुलीची जुनी वही आहे, मागची पानं कोरी होती. लिहून झालं की तांदळाच्या कोठीमागे ठेवून देईन. माझं नाव मी इथे टाकत नाही. ते एका कागदावर एकदा टाकलं आहे, तेवढं पुरे.

लिहायचं आहे पुनाबाईबद्दल. ती बौद्धपुऱ्यातली, आणि मी कुणब्याच्या घरची धाकटी सून. आमच्या घरच्या माणसानं तिचं घर जाळलं. हे पहिल्याच पानावर लिहून टाकते. मागाहून लिहायला घेतलं तर माझा हात थांबेल.

आमचं गाव सानगडीच्या बाजूला, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, बिडीचे सट्टेदार होते. कारखान्याकडून तेंदूची पानं आणि तंबाखू आणायचे, गावातल्या बायांना तोलून द्यायचे आणि संध्याकाळी वळलेल्या बिड्या मोजून घ्यायचे. कोणाला किती पान दिलं ते वहीत मी लिहीत असे, कारण घरातल्या बायांत तेवढी अक्षरओळख मलाच होती. कुणब्या-तेल्यांच्या बाया ओट्यावर बसून बिड्या द्यायच्या. बौद्धपुऱ्यातल्या बाया खाली अंगणात, निंबाच्या पलीकडे उभ्या राहायच्या. बिड्या मात्र एकाच टोपल्यात जायच्या. त्या कोणाच्या तोंडात जाणार ते कोणी विचारत नसे.

पुनाबाई उंच आणि हाडकुळी होती. उजव्या अंगठ्याचं नख तिनं वाढवलेलं असे, बिडीचं तोंड दुमडायला. दोरा कायम दातात. त्यामुळे तिचं बोलणं दातांतूनच येई, आणि कधी कधी ते ऐकणाऱ्याला बोचे. स्वतः ती बिडी ओढत नव्हती. म्हणायची, "जे मायं पोट भरते, त्याले मी जाळत नाही."

नवीन लग्न होऊन आले तेव्हा वहीत लिहायला मी तिचं नाव विचारलं. माझ्या सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "लिह्य, पुनी."

ती अंगणातून म्हणाली, "पुनाबाई लिह्य सूनबाई. बाई लिहाले शाई जास्त लागन, पन पैसे लागत नाही."

ओट्यावरच्या बाया पदर तोंडावर घेऊन हसल्या. मी वर न पाहता 'पुनाबाई' लिहिलं. तिच्याबरोबर तिची पोरगी कुसुम आली होती, तेव्हा आठवीत होती ती. तिनं लांबूनच मान वाकडी करून वहीत पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, पु पहिला पाह्यजे." त्यानंतर ती जेव्हा जेव्हा येई तेव्हा माझ्या चुका सांगे. मला राग येत नसे. मला घरात कोणी काही शिकवत नव्हतं.

मजुरी द्यायची रीत अशी होती की, बाईनं खाली ओंजळ धरायची आणि भासऱ्यांनी ओट्यावरून पैसे सोडायचे, हात हाताला लागू नये म्हणून. पुनाबाईच्या ओंजळीतून एकदा दोन नाणी निसटून मातीत पडली. ती वाकली नाही.

"उचल ना," भासरे म्हणाले.

"पडले ते तुमचे जी. हातात येइन ते माये."

"मस्ती आली का गं?"

"मस्ती नाही जी, कंबर दुखते."

ती तशीच उभी राहिली. दुसऱ्या बायांचे पैसे देऊन झाले, दिवा लावायची वेळ झाली, तरी तिची ओंजळ तशीच. शेवटी भासऱ्यांनी दुसरी दोन नाणी काढून पायरीवर आपटली. तिनं ती उचलली. त्या दिवसापासून तिचे पैसे पायरीवर ठेवायचं ठरलं. तिच्याकडून काही पैसे घ्यायचे असले, म्हणजे पान कमी भरलं वगैरे, तर तिनं ते पायरीवर ठेवायचे, आणि मी त्यावर गडव्यातलं पाणी शिंपडून उचलायचे. मी ते करत होते. करताना काही वाटत होतं असं खोटं लिहिणार नाही. चूल सारवावी तसं करत होते.

छाटीवरून मात्र तिनं मार खाल्ला. छाट म्हणजे वाईट म्हणून बाजूला काढलेली बिडी. तिचे पैसे मिळत नाहीत. पण भासरे चांगल्या बिड्याही छाटीत टाकत आणि त्या पुढे बाजारात विकत, हे सगळ्या बायांना माहीत होतं. कोणी बोलत नव्हतं. एका संध्याकाळी त्यांनी पुनाबाईच्या शंभरावर बिड्या बाजूला काढल्या. तिनं पुढे होऊन पायरीवरची ती मूठ उचलली आणि एकेक बिडी मधून मोडून मातीत टाकू लागली.

"हे काय करून राहिली तू?"

"छाट हाय ना जी? मंग जाऊ द्या मातीत."

भासरे ओट्यावरून उतरले आणि त्यांनी तिच्या कमरेवरच्या, उद्याचा तंबाखू घेतलेल्या सुपाला लाथ मारली. सगळा तंबाखू तिच्या तोंडावर उडाला. ती डोळे दाबून खाली बसली, तसा त्यांनी तिच्या पाठीत तराजूचा दांडा घातला. तीनदा. मी मोजले, कारण वही माझ्या मांडीवर होती आणि मी दुसरं काही करत नव्हते. पुनाबाई उठली. डोळे लाल झाले होते, पाणी वाहत होतं, नाकातूनही. ती म्हणाली, "तंबाखू तुमचाच होता जी. उद्या तोल कमी भरन, माया नावावर लिहू नोका." आणि कुसुमचा हात धरून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बिड्या घेऊन आली. न येऊन करणार काय? आजूबाजूला दुसरा सट्टेदार दीड कोसावर होता.

पण यानंतर भासऱ्यांनी तिच्या छाटीत चांगली बिडी टाकली नाही.

त्या पुऱ्यातल्या लोकांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्याला तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. पुनाबाईही गेली होती. तेव्हा घेतलेलं पांढरं लुगडं तिनं जपून ठेवलं होतं. मेलेली ढोरं ओढणं त्यांनी त्याच वर्षी सोडलं. गावानं कुरकुर केली आणि ढोरं ओढायला दुसऱ्या गावाहून माणूस आणू लागले. पण एक काम म्हाताऱ्यांनी चालू ठेवलं होतं, पोळ्याचं तोरण. पोळ्याला आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, बैल उभे करतात, त्यांच्यापुढे आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. ते वळून आणायचं आणि बैल निघेपर्यंत दोन्ही बाजूंनी धरून उभं राहायचं, हे आमच्या गावात त्या पुऱ्याचं काम होतं. बदल्यात सुपात धान्य. आणीबाणी उठली त्या वर्षी पुऱ्यानं ते बंद केलं. गावच्या माणसांनी चावडीवर बोलावलं तेव्हा पुऱ्यातले चार बाप्ये मान खाली घालून उभे राहिले, आणि मागून पुनाबाई बोलली. हे माझ्या नवऱ्यानं मला घरी येऊन सांगितलं.

"यंदा तोरन आमी नाही वळत."

"काहून?"

"त्या तोरनाखालून तुमचा बैल जाते जी. वळनारा माणूस जाऊ शकत नाही. मंग यंदापासून बैलालेच वळू द्या."

नवरा सांगताना हसला. मग दाराकडे पाहून हसायचा थांबला.

त्या वर्षी तोरण तेल्यांच्या पोरांनी बांधलं. पुढच्या उन्हाळ्यात बैलांना घटसर्प झाला. गावातले अकरा बैल गळे सुजून मेले. त्यांत आमची जोडी होती. श्रावणात पाऊस गेला. बांध्यांमधले, म्हणजे धानाच्या वाफ्यांमधले, रोवणे पिवळे पडले, तलावाचा तळ दिसू लागला. लोक बोलू लागले की तोरण विटाळलं म्हणून हे झालं. पुन्हा पोळा आला, पुन्हा पुऱ्याला विचारलं, पुन्हा त्यांनी नाही म्हटलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत निघते. काड्याकुड्यांची, फडक्यांची बाई करतात आणि "रोगराई घेऊन जा गे मारबत" असं ओरडत शिवेबाहेर नेऊन जाळतात. त्या वर्षी तिला निळं फडकं गुंडाळलं होतं. मी दारातून पाहिलं. भासरे घरात आले आणि मला म्हणाले, "घासलेटचा पिपा दे." मी दिला. मारबत जाळायलाच हवा असेल, असं मला वाटलं. पिप्याचं झाकण हरवलं होतं, म्हणून मी माझ्या फाटक्या हिरव्या लुगड्याची चिंधी त्याच्या तोंडात कोंबून ठेवली होती. चिंधीसकट दिला.

शीव आमच्या गावाला उगवतीकडे आहे. माणसं खाली गेली, पुऱ्याकडे.

आमच्या घरामागच्या बाडीच्या कुपाटीतून, म्हणजे काट्यांच्या कुंपणातून, पुरा दिसतो. मधे दोन बांध्या. मी तिथे उभी होते. "घेऊन जा गे मारबत" हे ओरडणं तसंच चालू होतं, सणाचं, आणि त्याच सुरात माणसं गाड्यांच्या उभाऱ्या, म्हणजे बाजूचे दांडके, घेऊन घरात शिरत होती. एका म्हाताऱ्याला केसांना धरून बाहेर ओढलं आणि त्याच्या पायावर उभारी मारली. पाय उलटा झालेला मला इतक्या लांबून दिसला. एक बाई लेकरू पोटाशी घेऊन बसली होती, तिच्या डोक्यावर तिचाच माठ फोडला. खुंट्याची गाय कोणी सोडली नाही. ती ओरडली तसं ढोर ओरडताना मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. पाऊस नव्हता म्हणून तणसाची छपरं वाळलेली होती. सात घरं पेटली. मी तिथेच बसले. हाक मारली नाही. कोणाला मारणार होते?

पुनाबाई आणि कुसुम दोघी बाहेर आल्या होत्या. हे मी पाहिलं. कुसुम तेव्हा मॅट्रिक झालेली, नर्सचं शिकायचं म्हणत होती. दोघी बाभळीपर्यंत आल्या. मग कुसुम वळली आणि धावत परत घरात गेली. छप्पर खाली बसलं.

ती का वळली ते मला पुढे किती तरी दिवस कळलं नाही.

पोरगी जिवंत निघाली. आमच्याच बैलगाडीतून तिला साकोलीला नेलं, तिथून भंडाऱ्याला. गाडी माझ्या नवऱ्यानं हाकली, भासऱ्यांनी हाकायला लावली. पोलीस येणार हे त्यांना कळलं होतं. दवाखान्याच्या दारात त्यांनी पुनाबाईपुढे तीनशे रुपये धरले. नवऱ्यानं ऐकलं ते असं.

"पोरीले वाचव. औषधाले लागतील. पन मायं नाव घेशील तं पुऱ्यात उरलेली घरंही राहनार नाहीत."

पुनाबाईनं हात पुढे केला. भासऱ्यांनी त्या दिवशी पैसे वरून सोडले नाहीत, तिच्या हातावर ठेवले.

कुसुम सहाव्या दिवशी गेली.

पोलिसांनी लिहून घेतलं तेव्हा पुनाबाई म्हणाली, "धूर होता." बाकीचेही तेच म्हणाले. केस दाखल झाली, भासरे आणि आणखी चौघे महिनाभर आत राहिले आणि जामिनावर सुटून आले. मग गावानं पुऱ्याशी बोलणं टाकलं. चक्कीवर दळण नाही, दुकानात मीठ नाही, वावरात मजुरी नाही. पुऱ्यातला एक पोरगा सायकलवरून तांदूळ आणत होता, त्याला पाळीवर गाठून सायकलसकट तलावात फेकलं आणि वर येऊ पाहील तसा काठीनं परत खाली दाबला. जिवानिशी सोडलं, एवढंच. भासऱ्यांनी पुनाबाईला पान देणं बंद केलं. ती दीड कोसावरच्या गावी जाऊन तिथल्या सट्टेदाराकडून पान आणू लागली. डोक्यावर ओलं पोतं, त्यात पान, रोज जाऊन येऊन तीन कोस.

एक वर्ष झालं असेल. सानगडीचा बाजार होता, घरातले बाप्ये सगळे बाजारात. भर दुपारी पुनाबाई आमच्या अंगणात आली. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. तिनं पायरीवर पाच रुपये ठेवले.

"हे काय वो?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमच्या मोठ्या लेकानं तीनशे दिले होते. त्यातले पाच."

"कायले परत करते? दिले ते दिले."

"पोरीच्या औषधाले दिले होते. पोरगी नाही राहिली." मग म्हणाली, "तोंडात त्यायचे पैसे हाय, तोवर मले बोलता येत नाही."

सासूबाईंना याचा अर्थ कळला की नाही ते मला माहीत नाही. त्यांना पाच रुपये दिसले. आजवर त्यांच्या हातात लेकानं कधी पैसा दिला नव्हता. त्या मला म्हणाल्या, "पानी टाक अना उचल." मी पाणी शिंपडून उचलले. त्यांनी ते ओच्यात खोचले आणि मला दम दिला, "मोठ्याले सांगशील तं पाह्य."

पुनाबाई मला म्हणाली, "सूनबाई, मले लिहून दे. तुले लिहता येते." मी पानाच्या वहीतला तुकडा फाडून लिहिलं, पुनाबाईकडून पाच मिळाले. ती म्हणाली, "तुयं नाव नोको टाकू." तो तुकडा तिनं कमरेच्या चंचीत ठेवला.

असं पाच वर्षं चाललं. कधी पाच, कधी दोन, रोवणीच्या दिवसांत दहा. नेहमी बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. सासूबाईंनी त्या पैशांतून पोहे खाल्ले, चोरून चहा-साखर आणली, नातवाला टोपरं शिवलं. पुनाबाईला एवढंच हवं होतं की पैसे त्या घरात परत गेले पाहिजेत. पुढे ते कोणी खाल्ले याच्याशी तिला काम नव्हतं.

तिचे केस त्या वर्षांत पांढरे झाले, पण दातातला दोरा आणि जीभ तशीच. एकदा सासूबाई म्हणाल्या, "चहा घेते का गं?" आमच्या घरातून हे कोणी तिला पहिल्यांदाच विचारलं होतं. पुनाबाई म्हणाली, "भांडं कोनतं?" सासूबाई पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. "फुटका कप असन तं नोको जी. माया ओठाले लागते."

एका दुपारी सासूबाई आजारी होत्या, आत झोपल्या होत्या. अंगणात आम्ही दोघीच. चिठ्ठी लिहिताना मी वर न पाहता म्हटलं, "पुनाबाई, घासलेट मी दिलं होतं."

तिनं दातातला दोरा काढला. "माहीत हाय."

"कसं?"

"पिपा माया दारात टाकून गेले होते. बाजूले तुया हिरव्या लुगड्याची चिंधी पडली होती. लग्नातलं ना ते? तू पह्यल्या दिवशी तेच नेसून वही लिहाले बसली होती."

"मग पोलिसांना का नाही दाखवलं?"

"दाखवलं असतं तं त्यायनं तुलेच पुढं केलं असतं. बाईनं दिलं, बाईनं लावलं, म्हनाले असते. तुया घरचे हाय, तुले माहीत नाही?"

मला माहीत होतं. मी रडू लागले. ती रडली नाही. पायरीच्या खाली, मातीत टेकली, आणि निंबाकडे पाहत बोलू लागली. तेव्हा मला कळलं कुसुम का वळली ते.

"आमी बाहीर आल्तो. चांगल्या आल्तो. अना मले आठवलं. त्याच सकाळी तुमच्या इथून पान आनलं होतं, भरपूर, पोळ्याच्या सुट्टीचं भरून काढाले. ओल्या पोत्यात ठेवलं होतं. जळलं तं पैसे कापतीन, अना महिनाभर फुकट वळा. मी वरडली. 'पान राहिलं वो कुसुम, पान!' ती गेली." ती बोटानं मातीत रेघ मारत राहिली. "माया मांगं आग लावनारा उभा, अना मी त्याचं पान वाचवून राहिली. मले दुसरं काही आठवलंच नाही. चाळीस वर्षं पान वळलं ना."

मी चिठ्ठी पुरी करून तिच्यापुढे ठेवली.

"कोर्टात मी हे पन सांगीन," ती म्हणाली. "आग कोनं लावली ते सांगीन, अना पोरगी कोनं धाडली ते पन. पन पह्यले पैसे."

वहीत त्या दिवशीच्या पानाची नोंद माझ्याच हातची आहे. पुनाबाई, पान, वजन. मी ती नंतर काढून पाहिली. पु पहिला होता.

कोर्टाची तारीख आगीनंतरच्या सहाव्या पोळ्याच्या आधी लागली. आधी काही खबर नव्हती, अचानक समन्स आलं. तिचे बारा रुपये राहिले होते. त्या आठवड्यात तिच्या सट्टेदारानं पान दिलं नाही, कारखान्याची गाडी आली नव्हती. ती बारा रुपयांसाठी कोणाकडे गेली नाही. तशीच गेली. दीक्षेचं पांढरं लुगडं नेसून.

मी कोर्टात नव्हते. नवऱ्यानं सांगितलं ते लिहिते. पुऱ्यातले सगळे साक्षीदार म्हणाले, धूर होता, दिसलं नाही. त्यांना दोष देत नाही, त्यांची घरं अजून तिथेच आहेत. पुनाबाई उभी राहिली आणि तिनं भासऱ्यांकडे बोट करून त्यांचं पूर्ण नाव घेतलं. पिपा कोणाच्या हातात होता, पेटती काडी कोणी टाकली, सगळं. मग आमचा वकील उभा राहिला.

"बाई, याच माणसानं तुला दवाखान्यात तीनशे रुपये दिले की नाही?"

"दिले जी."

"माणुसकीनं दिले."

"माणुसकीचे होते तं मी परत काहून केले?"

"परत केले? कधी?"

तिनं चंची उघडून चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे केला. भासरे पाहतच राहिले. वकिलानं एक चिठ्ठी उचलून हसत विचारलं, "हे काय अक्षर? कोणी लिहिलं?"

"मले वाचता येत नाही जी. मी अक्षर पाह्यलं, मानूस नाही पाह्यला."

"सगळे तीनशे परत केले?"

"नाही जी. बारा राहिले."

लोक हसले. वकील म्हणाला, म्हणजे अजून बारा रुपयांचं देणं आहे, आणि देणेकरी बाई सावकाराविरुद्ध काय वाटेल ते बोलेल. मग तिनं स्वतःहून पानाचं सांगितलं, पोरीला आपणच परत धाडलं ते. वकिलानं तेच उचललं. आईनंच पोरीला आगीत धाडलं, असं तो दोनदा मोठ्यानं म्हणाला. नवरा म्हणाला, "पुनाबाई म्हनाली, 'हाव जी.' दोनदाही हाव म्हनाली."

भासरे सुटले. एकट्या बाईच्या सांगण्यावर किती धरणार.

गुलाल लावून घरी आले आणि पहिले माझ्या खोलीत आले. माझं अक्षर ते रोज वहीत पाहत होते. त्यांनी मला ओढत ओट्यावर आणलं आणि तोच तराजूचा दांडा घेतला. नवरा दारात उभा होता. सासूबाई आत चुलीपुढे बसल्या, त्यांच्या ओच्यात काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. मोजले नाहीत मी. माझा डावा हात मोडला. उजवा मी पोटाखाली धरून ठेवला होता.

यानंतर दोन आठवड्यांनी पुनाबाई आली. बाजाराचा दिवस नव्हता. दुपार नव्हती. संध्याकाळी, बिड्या मोजायच्या वेळेला आली, ओटा बायांनी भरलेला आणि भासरे तराजूपाशी बसलेले. पांढरं लुगडं नेसली होती. तिनं कोणाकडे पाहिलं नाही.

"सूनबाई, बाहीर ये."

मी दारात आले. हात फडक्यात बांधलेला होता. ती त्याकडे बघत राहिली. मग तिनं चंचीतून एक दहाची आणि दोन एकच्या नोटा काढल्या आणि हात पुढे धरला.

सासूबाई आतून म्हणाल्या, "पायरीवर ठेव."

तिनं ठेवले नाहीत. हात तसाच धरून उभी राहिली, जशी पूर्वी ओंजळ धरून उभी राहिली होती. आता तिला काय गरज होती? केस हरली होती. भासऱ्यांनी हे पैसे मागितले नव्हते, मागणारही नव्हते. मला वाटलं ती हात मागे घेईल. तिनं घेतला नाही.

भासरे मला म्हणाले, "पाय खाली टाकशील तं पाह्य."

मी पायऱ्या उतरले. तीन आहेत. तिच्या तळहातावरून पैसे उचलायला गेले, तर तिनं ते माझ्या तळहातावर ठेवले आणि वरून आपला हात दाबला. तिचं वाढलेलं नख मला लागलं. हात कोरडा होता, पानासारखा. पाणी कोणी शिंपडलं नाही.

"लिहून दे," ती म्हणाली. "यावेळेस नाव टाक."

मी तिथेच मातीत बसले. वही मांडीवर घेतली, डावा हात बांधलेला म्हणून कागद गुडघ्यानं दाबला, आणि लिहिलं. ओळ नेहमीसारखी वर चढत गेली. पुनाबाईकडून तीनशे रुपये पूर्ण परत मिळाले. खाली माझं नाव लिहिलं, माझं स्वतःचं, आणि पुढे नवऱ्याचं लावलं नाही. तिला वाचता येत नव्हतं. तिनं कागद उलटा धरून किती तरी वेळ पाहिला, घडी केली, आणि भासऱ्यांकडे वळून म्हणाली, "फिटले जी तुमचे."

मग ती निंबाखालून गेली, पूर्वी जिथे उभी राहत होती तिथून, चालीत काही फरक न करता.